आरशावरचा कप

३ जानेवारी

पोचलो एकदाचे. ओढ्याकाठची आमची नेहमीची जागा कुणा माँटानावाल्यांनी आधीच बळकावली होती, म्हणून यंदा दोनशे पावलं पलीकडे, ओपलबाईंच्या ट्रेलरशेजारी. वाळवंटातला हा सरकारी माळ, एका जागी चौदाच दिवस राहू देतात, ते आजपासून. मग रेंजर येऊन आठवण करणार, आणि आम्ही पंचवीस मैलांवर दुसऱ्या माळावर जाऊन पुन्हा हेच करणार. लोक विचारतात, कंटाळा येत नाही का? मिनेसोटात जानेवारीत दारापुढचा बर्फ उपसायचा कंटाळा आलेला माणूस असलं काही विचारत नाही.

उशीर झाला, कारण माझा नवरा, वेंडेल, वळण चुकला. अकरा हिवाळे तिथेच वळतोय. आज सरळ पुढे गेला, पार पेट्रोल पंपापर्यंत, आणि म्हणाला, "पाटी हलवली या लोकांनी." मी म्हटलं, हलवली असेल. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात उशिरा येणाऱ्या पोरांच्या सबबी लिहून घेतल्या, त्यांत ही बरी म्हणायची. आमची ही राहायची गाडी अठ्ठावीस फुटी, वळवायला अर्धा तास गेला.

५ जानेवारी

ओपलबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात, सोबत बिस्किट नावाचं कुत्रं. आज सकाळी येऊन नियम सांगून गेल्या. ओढ्याकाठी जो कोणी राहील त्याने सकाळी उठल्यावर कॉफीचा कप गाडीच्या बाहेरच्या आरशाला अडकवायचा. कप दिसला म्हणजे माणूस उठला. नऊपर्यंत दिसला नाही, तर शेजाऱ्याने दार वाजवायचं.

"आणि कप असेल तर?" वेंडेलने विचारलं.

"तर दार वाजवायचं नाही. लोक इथे एकटं राहायला येतात, मी काय त्यांच्या चुली मोजत फिरू?"

चार वर्षांपूर्वी एक म्हातारा ट्रेलरमध्ये मरून पडला होता, आणि चार दिवस कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून हा नियम आहे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, आम्ही दोघं आहोत, आम्ही एकमेकांचे कप.

७ जानेवारी

वारा सुटलाय. गाडीच्या खालून असा घुसतो की फरशी बर्फाची लादी झाली आहे. मी सकाळपासून जुन्या तंबूच्या ताडपत्रीची झालर शिवते आहे, गाडीच्या कमरेपासून जमिनीपर्यंत चहूबाजूंनी. आत थंड वारा जायला नको. सुया तीन मोडल्या.

८ जानेवारी

झालर लावली. हुका, दोऱ्या, खाली वाळूच्या पिशव्या. हीटरचं बाहेरचं तोंड आहे ना, बशीएवढं, तिथे ताडपत्री थोडी फुगत होती, तीही मी दोन टाके घालून सपाट केली. वेंडेल भोवताली एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "झकास. गाडीला परकर नेसवलास." मला कोण आनंद झाला. अडतीस वर्षांत त्याने माझ्या शिवणाचं कौतुक केल्याचं आठवत नाही.

आत उबदार झालं आहे. अंगावरची एक गोधडी काढून टाकली.

९ जानेवारी

सकाळी डोकं ठणकत होतं, दोघांचंही. कालचा डब्यातला मटणाचा रस्सा बाधला असावा. बाहेर ओपलबाईंकडे जाऊन बसले तर तासाभरात बरं वाटलं. मोकळी हवा आणि तिसऱ्या माणसाशी बोलणं, दुसरं काय.

गॅसचा अलार्म पहाटेपासून टीं टीं करत होता. वेंडेल म्हणाला, सोलरच्या बॅटऱ्या सकाळी उतरलेल्या असतात म्हणून कुरकुरतो, रानातल्या निम्म्या लोकांनी तो काढूनच टाकलाय. हे खरं आहे. गेल्या साली माझ्या केसांच्या फवाऱ्यावरसुद्धा बोंबलला होता. त्याने वायर उपटली, अलार्म मोज्यात गुंडाळला आणि खणात टाकला. शांत झालं.

१० जानेवारी

आज फार अपमान झाला. उठायला सव्वानऊ झाले, आणि ओपलबाई दार ठोकायला हजर. मी पारोशी, डोक्यात घण पडत होते. जरा जोरातच बोलले.

"आम्ही जिवंत आहोत, ओपलबाई. म्हातारे अजून झालो नाही."

"झाला नाहीत तर बरंच आहे. कप कुठाय?"

"लावते ना. सारखं दार वाजवायची गरज नाही."

त्या पाठ फिरवून गेल्या. बिस्किट मात्र झालरीशी नाक लावून भुंकत राहिलं, त्याला ओढून न्यावं लागलं.

मग मी उपाय काढला. कप आदल्या संध्याकाळीच लावायचा. वेंडेल रोज जेवणाआधी बाहेर जाऊन खुर्च्या मिटतो, सांडपाण्याचं झाकण तपासतो, त्याच फेरीत आरशाला कप अडकवून यायचं. त्याने दोन बोटं कपाळाला लावून सलाम केला. सकाळी कुणी तोंड दाखवायला येणार नाही.

११ जानेवारी

लिहायलाच हवं आणि लिहवत नाही. वेंडेलचं काहीतरी बिघडलंय. काल संध्याकाळी मला त्याने दोनदा विचारलं, कॉरिन कुठे आहे. कॉरिन आमची मुलगी, डुलुथला असते, त्यालाही ठाऊक आहे. आज गॅसचा पाना हातात घेऊन उभा राहिला आणि विचारतो, हा कशासाठी आणला मी? त्याच्या आईचा विसरण्याचा आजार असाच सुरू झाला होता.

कॉरिनने ऑक्टोबरपासून एकच धोशा लावलाय, गाडी विका, आमच्या गॅरेजवरची खोली तयार आहे. आज टेकडीवर जाऊन तिला फोन केला. तिथेच रेंज मिळते. बोलता बोलता मी हो म्हणून बसले. मार्चअखेर गाडी विकायची. वेंडेलला अजून सांगितलेलं नाही. ही गाडी म्हणजे त्याचा जीव आहे. सांगणार कसं?

टेकडीवर डोकं साफ हलकं झालं होतं. मन मोकळं केल्यामुळे असेल.

१२ जानेवारी

एका मासिकात चाचणी होती ती घेतली. पाच शब्द सांगायचे, दहा मिनिटांनी विचारायचे. लोणी, पूल, हातोडी, गुलाब, आणि

पाचवा शब्द मलाच आठवेना. मासिक उघडून बघावं लागलं. मासिक कुठे ठेवलं तेही सापडेना. ते फ्रीजमध्ये होतं.

वेंडेल म्हणाला, "तू नापास. मी निदान लोणी आणि पूल म्हटलं." आम्ही दोघं हसलो, आणि हसताना त्याला मळमळलं.

१३ जानेवारी

मागचं पान मी लिहिलंय का? अक्षर माझं आहे. फ्रीजचं काही आठवत नाही.

कॉफीत मीठ पडलं. वेंडेल न बोलता प्यायला, यावरून त्याला चव कळत नाही की माझी भीड वाटते, समजेना. आम्ही तास-तास पडून असतो. बाहेर वारा भयंकर, जायचं मनात येत नाही. ओपलबाईंनी कडेच्या खडकावर मक्याच्या पावाचा तुकडा ठेवला होता, रागावल्या आहेत तरी. दिवसभर तिथेच राहिला. मुंग्यांनी नेला.

हे वयच असं की गाडी थांबली की माणूस थांबतो, असं वेंडेल म्हणाला. की मी म्हणाले?

१४ जानेवारी

उद्या पहाटे पाणी गोठेल म्हणतात रेडिओवर. झालरीच्या पिशव्यांवर दगड ठेवले. वाकले तर उठवेना. हीटर मोठा केला.

वेंडेलला सांगून टाकलं. गाडी विकायची म्हणून. तो म्हणाला, "आज कुठला वार?" मी म्हटलं, मंगळवार. तो म्हणाला, "मंगळवारी सांगायचं नसतं असं." हे काय बोलणं झालं. मग भांडलो. मी त्याला आई म्हणाले म्हणजे त्याच्या आईचं नाव घेतलं. ते बोलायला नको होतं. फार नको होतं.

तो बाहेर खुर्च्या मिटायला गेला आणि तसाच परत आला. खुर्च्या बाहेरच. मीही मिटायला गेले नाही. डोकं

१६ जानेवारी

नदीकाठच्या गावातलं हॉस्पिटल. पेन्सिल नर्सची, वही ओपलबाईंनी उशीखालून काढून आणली. काल दिवसभर आम्हाला नाकावर नळ्या लावून ऑक्सिजन देत होते. आज काढल्या.

झालं ते असं. माझ्या झालरीने हीटरचं बाहेरचं तोंड बंद झालं. धूर बाहेर जायच्या ऐवजी गाडीखाली साठला आणि फरशीच्या फटींतून आत आला. धुरातला तो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास, ना रंग. डॉक्टरबाई तरुण आहेत, त्यांनी मला फार हळुवारपणे विचारलं, "अलार्म नव्हता का?" होता, म्हटलं. मोज्यात.

ओपलबाई पलंगाशेजारी बसून सांगत होत्या. काल नऊ वाजले, कप नाही. त्या आपल्या दारातच उभ्या राहिल्या.

"तू मला म्हणाली होतीस दार वाजवू नको. म्हणून पंधरा मिनिटं नाकावरचा राग सांभाळला मी. मग म्हटलं, जाऊ दे, शिव्या खाऊ."

दार वाजवलं. आतून काही नाही. त्यांनी बिडाचा तवा आणून दाराशेजारची काच फोडली, आत हात घालून कडी काढली, आणि ओरडून माँटानावाल्यांना बोलावलं. आम्हाला पायांना धरून ओढत बाहेर काढलं. मला एवढंच आठवतं की मी खडीवर आडवी पडले होते, समोर झालरीची कड होती आणि मी विचार करत होते की ती टीप तिरकी गेली आहे, उसवून पुन्हा घालायला हवी.

"रोज तर कप असायचा," मी ओपलबाईंना म्हटलं. माझ्या तोंडून खरं निघालं. "आम्ही संध्याकाळीच लावून ठेवायचो."

"मला काय आंधळी समजलीस? सकाळी बघावं तर तळाशी बोटभर धूळ."

"मग आलात का नाहीत?"

"कप असला की दार वाजवायचं नाही. नियम मीच केलाय ना." त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं. "परवा संध्याकाळी लावला असतात तर कालही नसते आले. मग कोण कधी आलं असतं कोण जाणे."

पलीकडच्या पलंगावरून वेंडेल म्हणाला, "मी विसरलो वाटतं लावायला."

"विसरलास," मी म्हटलं. आणि रडू कोसळलं. नर्स धावत आली. तिला वाटलं दुखतंय काही.

१७ जानेवारी, सकाळ

डोकं धुतल्यासारखं स्वच्छ आहे. पाच शब्दांची चाचणी डॉक्टरबाईंनी घेतली, मला पाचही आले. म्हणजे सगळा त्या वायूचा खेळ. कॉरिनला फोन करून मी गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. ती रागावली आहे, तिने काल रात्रीच विमानाचं तिकीट काढलं होतं. तिला सांगितलं की वेंडेलचं डोकं ठीक आहे, आमचं दोघांचं एकाच वायूने फिरलं होतं. किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. नवऱ्याला विषबाधा झाली म्हणून देवाचे आभार मानणारी बायको मीच असेन.

त्याला चार शब्द आले. बायकोच्या हिशेबाने पास.

१७ जानेवारी, दुपार

माळावर परतलो. ओपलबाईंच्या जुन्या ट्रकमधून, पुढे तिघं, मांडीवर बिस्किट. माँटानावाल्यांनी झालर काढून नीट घडी घालून ठेवली आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

बसून ही वही वाचली. पहिल्यापासून. वाचता वाचता बोट ठेवून तारखा मोजू लागले, शाळेत हजेरी मोजायची सवय. कॉरिन कुठे आहे, ते दहाला. पाना, अकराला. फ्रीज, बाराला. सगळं आठ तारखेनंतरचं, झालरीनंतरचं. मग पहिलं पान आलं. वळण तो तीन तारखेला चुकला. तेव्हा झालर नव्हती. ताडपत्री बाकाखाली गुंडाळी करून पडली होती.

आणि दुसरं, जे तेव्हा दिसलं नाही. चाळीस वर्षं वेंडेलने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. गॅरेजचं दार लावून इंजिन चालू ठेवलं म्हणून ड्रायव्हरांना तो जी भाषा वापरायचा ती मी ऑफिसच्या खिडकीतून ऐकलेली आहे. धुराचं तोंड बंद करू नये हे त्याला झोपेतही ठाऊक असायचं. आठ तारखेला तो गाडीभोवती फेरी मारून आला आणि झकास म्हणाला.

मला कळायला हवं होतं, मान्य आहे. पण मला इंजिनातलं काही कळत नाही. त्याला कळत होतं.

तो बाहेर खुर्चीत बसला होता. मी शेजारी बसले. कसं विचारायचं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "ती पाटी खरंच हलवली होती का रे?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पाटी तिथेच होती, आर्लीन."

मग उठून गाडीत गेला आणि पुढचा खण उघडून एक कागद घेऊन आला. त्याच्याच ठळक अक्षरात सगळी वळणं लिहिलेली, डुलुथपासून इथपर्यंत. इथलं शेवटचं वळण आणि पुढच्या माळाची वाटसुद्धा. तारीख गेल्या जूनची.

"कागद होता तर मग चुकलास कसा?"

"कागद आहे हेच विसरलो."

आम्ही दोघं हसलो. मला हसायचं नव्हतं. त्याचा हात धरून बसले आणि तो म्हणाला, "हॉस्पिटलात वायू म्हणाले ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, तेवढंच होतं." तेच तर मलाही वाटलं होतं, सकाळी, याच वहीत.

आता मला काहीच ठरवता येत नाही. कॉरिनला सकाळी जे सांगितलं ते खोटं ठरलं की अर्धं खरं? त्याचं डोकं कुठवर वायूचं आणि कुठवर आईचं, हे कुठली चाचणी सांगणार? भीती वाटते. आणि दुसरीकडे हेही मनातून जात नाही की मंगळवारी त्याचं डोकं शाबूत असतं, तर तो कप आरशाला लागला असता.

१८ जानेवारी

चौदा दिवस झाले, एक वरच. रेंजर चांगला माणूस, म्हणाला, बाई, तुम्ही मेला होता, एक दिवस धरत नाही मी. पण निघायला हवं.

डॉक्टरबाईंनी वेंडेलला पंधरा दिवस गाडी चालवायला बंदी केली आहे. म्हणजे मी. अकरा वर्षांत मी या गाडीचं चाक धरलेलं नाही, पार्किंगमध्ये एकदा सोडून, आणि तेव्हा एक दिव्याचा खांब गेला. सीट पुढे घेतली, आरसे वळवले, आरशावरचा कप काढून वेंडेलच्या मांडीवर दिला. कोरड्या ओढ्यातून गाडी अशी काही डुलत निघाली की कपाटातले डबे खाली आले. ओपलबाई मागून ट्रेलर घेऊन येत होत्या, त्यांचेही दिवस भरलेत.

डांबरी रस्त्याच्या तोंडाशी पाटी होती. गोळ्यांनी चाळण झालेली, अकरा वर्षं तशीच. वेंडेल तिच्याकडे बघत म्हणाला, "डावीकडे."

मी कागद बघितला नाही. मला माहीत होतं, उजवीकडे. मी उजवीकडे वळवली. तो जरा वेळाने म्हणाला, "बरोबर. उजवीकडेच," आणि कागद काढून मांडीवर उलगडून धरला. पुढची सगळी वळणं त्याने वाचून दाखवली, एकही चुकलं नाही.

संध्याकाळी कॉरिनला खरं ते सगळं सांगितलं, तीन तारखेपासून. एप्रिलमध्ये घरी येतो, तिकडच्या डॉक्टरांना दाखवतो, तोवर इथेच. ती रडली. मग म्हणाली, "आई, निदान अलार्म तरी लाव." लावला आहे. दोन लावलेत.

१९ जानेवारी

नवा माळ. ओपलबाई शंभर पावलांवर.

काम वाटून घेतलं आहे. गाडी मी चालवायची, हीटर मी बघायचा, कागद वेंडेलने वाचायचा. कप लावायचं काम मी त्याच्याकडेच ठेवलं आहे. सकाळी लावायचा, उठल्यावर. संध्याकाळी नाही. तो म्हणाला, "माझ्याकडे? विचार कर." मी म्हटलं, केलाय.

आज तो लावायला विसरला. मला दिसत होतं, कप टेबलावर होता, त्याच्या कोपराशी. मी उठले नाही, कॉफी पीत बसले. नऊ वाजून दोन मिनिटांनी दार वाजलं.